एक, तीन, चार, दोन

सेवानिवृत्तीनंतर मी गावात प्रवचने करीन, अशी माझ्या स्नेह्यांची समजूत होती. मी मात्र पडवीत वडिलांची जुनी प्रीमियर पद्मिनी खोलून बसलो!

कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली ही गाडी. मुंबईच्या रस्त्यांवरून तिच्या शेवटच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीने २०२३ साली निरोप घेतला. आमची गाडी तर निळसर धूर ओकू लागली होती. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, की तेल वर चढून जळते. त्याचाच हा धूर. भंगारवाला दारात येऊन भाव सांगून गेला. त्या रात्री मला झोप आली नाही. याच गाडीतून वडील मला पहिल्या नोकरीच्या गावी पोहोचवायला आले होते.

मुलांनो, इंजिन उघडणे सोपे, जोडणे अवघड. प्रत्येक सुटा भाग मी डिझेलने धुतला, पिशवीत घालून वर चिठ्ठी लावली. (माझे अक्षर चांगले आहे, एवढे गुण मला द्याच!) झिजलेली चारही नळकांडी लेथवाल्याकडून कातून आणली व त्या मापाचे नवे पिस्टन बसविले. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, थोडेथोडे आवळीत नेले; नाहीतर हेड वाकते.

दोन महिन्यांनी किल्ली फिरविली. इंजिन शिंकले, कार्बोरेटरमधून फट्‌कन आवाज झाला आणि सारे शांत! तीन दिवस हाच प्रकार. मी हताश झालो. भंगारवाल्याची आठवण होऊ लागली.

शेवटी एका जुन्या विद्यार्थ्याला बोलाविले. त्याचे आज स्वतःचे गॅरेज आहे. एकेकाळी शुद्धलेखन चुकले म्हणून मी त्याला तासभर बाकावर उभे केले होते. त्याने प्लगांच्या तारांकडे पाहिले आणि तो हळूच हसला.

“सर, तारा एक, दोन, तीन, चार अशा लावल्यात. इंजिनाचा क्रम एक, तीन, चार, दोन.”

पहिला व चौथा पिस्टन एकदम वर येतात, तेव्हा दुसरा व तिसरा खाली असतात. म्हणून ठिणगीलाही असाच आडवळणाने फिरावे लागते. माझ्या जोडणीत पहिल्याच नळकांड्याला ती वेळेवर मिळत होती.

त्याने तारा बदलल्या नाहीत. त्या माझ्या हाती देऊन तो बाजूला उभा राहिला. मी क्रम मोठ्याने म्हणत एकेक तार लावली. किल्ली फिरविताच इंजिन घुमू लागले. पडवीतली भांडी थरथरली, पत्नी धावत बाहेर आली.

बाकाची गोष्ट त्याने काढली नाही. चहा घेताना ती मीच काढली.