शंभरावं मेंढरू

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की आमच्या तिसरीत सगळ्यात आधी येतं ते गणित. फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं असतं: पट 31, हजर 19. उरलेल्या बारा जणांचे आईबाप कोयता घेऊन कोल्हापूर-सांगलीकडं, नाहीतर कर्नाटकात गेलेले असतात, आणि ट्रॉलीत भांड्याकुंड्यांच्या मधे बसून लेकरंही गेलेली असतात. तेलगावाला स्वतःचा साखर कारखाना आहे. हंगामात बीड-परळी रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागते, मळीचा वास वर्गापर्यंत येतो. तरीही धारूर-वडवणीच्या कोरडवाहू माळावरची माणसं ऊस तोडायला लांब जातात. मुकादमाची उचल एकदा घेतली की फड कुठला, हे आपल्या हातात राहत नाही.

त्या दिवशी मी मुलांना धनगराची गोष्ट सांगते. शंभर मेंढरं असतात, संध्याकाळी एक कमी भरतं, आणि धनगर नव्व्याण्णव तिथंच सोडून त्या एकाला हुडकायला जातो. गोष्ट जुनी आहे, पण आमच्या मुलांना ती शेजारच्या वावरातली वाटते. सुगी झाली की इथं खतासाठी रानात मेंढरं बसवतात. वाघर, कुत्री, घोड्यावरचा संसार, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरचं. मागच्या वर्षी मी विचारलं, "एक कमी आहे हे धनगराला कसं कळलं असेल?" मला वाटलं, मुलं म्हणतील, मोजून. मागच्या रांगेतला एक मुलगा, ज्याच्या आज्याची मेंढरं आहेत, तो म्हणाला, "मोजीत नसत्यात मॅडम. वळखत्यात."

या उत्तरावर मी आठवडाभर शिकवलं. मोजणं आणि ओळखणं यात फरक काय? नव्व्याण्णवात एक मिळवला की शंभर होतात, हे आकड्यांचं खरं. पण तो एक कुठला, कसल्या कानाचा, कुणाचं कोकरू, हे भाषेनं सांगावं लागतं. मग प्रत्येकानं एक मेंढरू असं लिहायचं की बाकीच्यांनी ते कळपात ओळखावं. कुणी चित्र काढलं, कुणी लोकर कुठं विकतात ते घरी विचारून आलं. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक आपल्याकडं जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं असतं, त्यामुळं बीडचा नकाशा पुस्तकातच होता. धनगर कुठून कुठं जातात ते मुलांनी त्यावर बोटानं फिरून दाखवलं.

असं शिकवणं मला डी.एड.ला कुणी शिकवलं नाही. ते मी ज्या वर्गात शिकले तो वर्ग माझाच होता, एका मिशनच्या प्राथमिक शाळेतला. मी श्रीरामपूरकडची, कॅथलिक घरातली. सप्टेंबरात हरेगावची मतमाउली यात्रा चुकवायची नाही, रविवारी मिस्सा चुकवायची नाही, अशा घरातली. नोकरीची पहिली वर्षं सिस्टरांच्या शाळेत गेली. तिथं सकाळी प्रार्थना, मग एक मिनिट मौन, मग हजेरी. कॅथलिक मुलांना धर्मशिक्षण, बाकीच्यांना नीतिमूल्यांचा तास. आणि दर पस्तीस मिनिटांनी घंटा.

धर्मशिक्षणाच्या तासाला मी हीच गोष्ट सांगितली होती, लूकच्या शुभवर्तमानातली. घंटा झाली. फळा पुसला आणि गणित सुरू केलं: शंभरातून एक वजा. पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "टीचर, हे तेच मेंढरू का?" मी म्हणाले, "आता गणित चालू आहे. खाली बस." ती बसली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. तिच्या मनात जे एक झालं होतं त्याचे मी घंटेच्या भरवशावर दोन तुकडे केले. पुढं कित्येक दिवस तिनं हात वर केला नाही. त्या मुलीची माफी मागायची माझी राहून गेली आहे.

त्यानंतर मी मारिया माँटेसरींचं वाचायला घेतलं. माँटेसरीबाई कॅथलिक होत्या, 1939 ते 1946 या काळातला बराचसा वेळ भारतात राहिल्या, हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते बार्सिलोनाचं. तिथल्या माँटेसरी शाळेतल्या लहान मुलांनी वेदीसाठीचा गहू स्वतः पेरला आणि द्राक्षाचे वेल लावले. रविवारी वेदीवर जी भाकर आणि जो द्राक्षरस असतो, ती दोन्ही कुठून येतात हे त्यांनी कुदळ हातात धरून शिकायचं. पेरणीला हवा बघावी लागते, ओळीत अंतर मोजावं लागतं, वाट बघावी लागते. यात शेती कुठं संपली आणि प्रार्थना कुठं सुरू झाली, हे सांगता येईल का? मला तरी येत नाही.

मौनाचं मिनिटही तसंच. माँटेसरींच्या वर्गात मौनाचा खेळ असे. मिशन शाळेत मी ते मिनिट शिस्त म्हणून पाळून घ्यायची. इथं तेलगावाकडं येऊन मला त्याचा उपयोग समजला. डोळे मिटून बसायचं आणि नंतर काय काय ऐकू आलं ते लिहायचं. कारखान्याचा भोंगा, साळुंकी, पोषण आहाराच्या खोलीत कुकरची शिट्टी, शेजारच्याचा श्वास. ज्या मुलाला निबंधाच्या चार ओळी सुचत नाहीत, तो आवाजांची पाटी भरून टाकतो.

इथं मी येशूचं नाव घेत नाही. संविधानाच्या कलम 28 प्रमाणं पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीवाचून मुलाला त्यात बसवता येत नाही. हे मला मनापासून पटतं. लेकरू माझ्या हाती अक्षरांसाठी सोपवलेलं आहे. म्हणून धनगर हा धनगरच राहतो. पाच भाकरी आणि दोन मासळ्यांची गोष्टही मी भागाकारासाठी सांगते. योहानाच्या शुभवर्तमानात त्या भाकरी जवाच्या आहेत आणि एका पोराजवळच्या आहेत. पाच हजारांना पाच भाकरी कशा पुरतील, या प्रश्नावर माझी सगळी तयारी होती. एका मुलीनं भलतंच विचारलं: "त्या पोराच्या मायनं किती पहाटं उठून थापल्या असतील?" तिची आई फडावर असताना तीनला उठून भाकरी करते. ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या आईचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

ऐकणाऱ्याच्या जगातून सांगणं काही नवं नाही. चारशे वर्षांपूर्वी फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं ख्रिस्तपुराण लिहिलं, ते ओवीत. 1616 साली गोव्यात रायतूरला ते छापलं. सुमारे अकरा हजार ओव्या. नवं सांगायचं तर ऐकणाऱ्याच्या चालीत सांगावं, हे त्यांना कळलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांमागं कुरणात शाळा नेली. ऊसतोड मुलांसाठी कारखान्याजवळ भरणारी साखरशाळाही त्याच जातीची गोष्ट. आणि ज्यांना आजीजवळ ठेवता येतं, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं. कुठं ती चालतात, कुठं कागदावर राहतात. गेलेल्या बारातली काही मुलं मार्चात परत येतात तेव्हा वाचायचं विसरलेली असतात, पण मोळ्या, खेपा आणि टनाचा हिशोब तोंडपाठ असतो. मी तिथूनच सुरुवात करते. एक टन म्हणजे हजार किलो, हे त्यांना पुस्तकाआधी पाठीनं माहीत असतं.

मागच्या वर्षी गोष्ट संपली तेव्हा मुलं म्हणाली, "मॅडम, मग आपण हुडकायला जायचं का?" जाणं शक्य नव्हतं. पटावरच्या एका मुलीच्या वडिलांना फोन लावला. त्यांनी तो तिच्याकडं दिला. मागं वाढं तोडल्याचा आवाज, एक तान्हं रडत होतं. ते तिनंच सांभाळायचं असणार. वर्ग एकदम गप्प झाला, मौनाच्या मिनिटापेक्षाही जास्त. "काय चाललंय गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "आज सकाळपासून चाळीस मोळ्या झाल्या. तुमचं कितवं पान चालू हाय?"

फोन ठेवून मी वळले तर कुणीतरी फळ्यावरचे 19 पुसून 20 केले होते. हजेरीपटात मी 19च लिहिले. फळा मात्र शाळा सुटेपर्यंत तसाच राहू दिला.