पहिली भेट : बीडहून बातांगासला

बीडच्या मोंढ्यात आडतीचा व्यवसाय असलेल्या एका जैन कुटुंबातील धाकटा मुलगा दुबईत हिशेबनिसाचे काम करतो. तेथेच रुग्णालयात परिचारिका असलेल्या एका फिलिपिनो मुलीशी त्याचा परिचय झाला आणि तीन वर्षांत तो विवाहाच्या विचारापर्यंत येऊन ठेपला. घरी ही गोष्ट कळली तेव्हा वडिलांनी एकच अट घातली. ‘आधी तू त्यांचे घर पाहून ये. घराणे कसे, व्यवहार कसा, माणसे कशी, ते पाहा. मग बोलू.’ आईने अट घातली नाही. मात्र खाखरे, राजगिऱ्याचे लाडू, मुगाची डाळ, जिरे आणि हिंगाची डबी यांची पिशवी दुबईला जाणाऱ्या एका नातेवाइकाबरोबर पाठवून दिली. त्या पिशवीतच तिचे सारे म्हणणे आले होते.

मुलगी मनिलाच्या दक्षिणेस असलेल्या बातांगास प्रांतातील लिपा या शहराची. कॉफीसाठी हे गाव पूर्वापार प्रसिद्ध. २०२५ च्या डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या आठवड्यात, दोघे तेथे जाण्यास निघाले. हा काळ निवडण्यात थोडे धाडस होते, कारण त्या दिवसांत घरी पाहुण्यांची आणि मांसाहाराचीही रेलचेल असते. पण दुबईतून सारी मुले घरी परततात ती याच दिवसांत. संपूर्ण कुटुंब एकत्र भेटायचे तर दुसरा मुहूर्त नव्हता.

परक्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये, हे आपल्याकडे सांगावे लागत नाही. तेथेही सांगावे लागत नाही. प्रवासाहून परतणाऱ्याने घरच्यांसाठी आठवणीने काही आणावे, या रीतीला तेथे ‘पासालुबोंग’ म्हणतात. भेटीच्या किमतीपेक्षा कोणाकोणाची आठवण ठेवली याकडे लक्ष असते, म्हणून शेजारच्या आत्याबाईंपासून लहान भाच्यापर्यंत नावे आधी लिहून घेणे उत्तम. रेशीम जैन घराला वर्ज्य, तेव्हा पैठणीचा विचार बाजूला ठेवून त्याने आजीसाठी सोलापुरी चादर निवडली. बालाघाटच्या डोंगरातील सीताफळे न्यावीत असे त्याच्या मनात फार होते. ताजी फळे विमानाने परदेशी नेणे नियमांत बसत नाही, ते राहिले. पण तेथे पोहोचल्यावर अंगणातच सीताफळाचे झाड दिसले. त्याला ते ‘आतिस’ म्हणतात. हे फळ मूळचे अमेरिका खंडातले. स्पॅनिश लोकांच्या गलबतांतून ते फिलिपिन्समध्ये उतरले. चिकूची कथाही तीच, आणि नावही जवळजवळ तेच, ‘चिको’.

दारात प्रथम आजीला भेटायचे. तिला ‘लोला’ म्हणायचे, आजोबांना ‘लोलो’. वडीलधाऱ्यांनी पुढे केलेला हात हलकेच धरून त्याची मागची बाजू आपल्या कपाळाला लावायची आणि ‘मानो पो’ म्हणायचे. ज्याने लहानपणापासून वडिलांच्या पायांना हात लावला त्याला हे शिकवावे लागत नाही. फक्त वाकण्याची दिशा बदलते. ‘पो’ हा आदराचा शब्द वाक्यात जितका येईल तितका चांगला. आपला ‘जी’ जसा. मोठ्या भावाला ‘कुया’, मोठ्या बहिणीला ‘आते’. नुसत्या नावाने हाक मारली तर कोणी बोलत नाही, पण मनात नोंद होते. भाषेची भीती बाळगण्याचे कारण नाही. इंग्रजी बहुतेकांना येते, आणि तागालोग भाषेत संस्कृतातून मलयमार्गे गेलेले शब्द अधूनमधून ओळख दाखवतात. शिक्षकाला ‘गुरो’, चेहऱ्याला ‘मुखा’. किंमत किंवा मोल यासाठीचा ‘हालागा’ हा शब्द संस्कृत ‘अर्घ’पासून आलेला आहे. हे कळल्यावर मोंढ्यातील कोणालाही तो देश थोडा जवळचा वाटेल.

खरी कसोटी स्वयंपाकघरात होती. येथे अनेक भारतीय पाहुणे एक चूक करतात : ‘मी शाकाहारी आहे’ एवढे सांगून निश्चिंत होतात. फिलिपिन्स बहुसंख्येने कॅथलिक देश आहे. उपवासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य करायचे, पण मासे चालतात, ही तेथील पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. त्यामुळे ‘मांस नको’ या शब्दांचा अर्थ सहृदय यजमानीण ‘मासळी चालेल’ असाच घेते, आणि त्यात तिचा दोष नाही. शिवाय ‘पातिस’ म्हणजे माशाचा रस आणि ‘बागूंग’ म्हणजे आंबवलेली कोळंबी किंवा मासळी हे पदार्थ आपल्याकडच्या मिठा-मोहरीसारखे साध्या भाजीतही पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत.

म्हणून मुलीने दोन आठवडे आधी आईला फोन करून यादी सांगितली होती. ती यादी ‘काय चालत नाही’ याची नव्हती, ‘काय चालते’ याची होती, आणि हे फार शहाणपणाचे ठरले. भात, केळी, आंबा, नारळ, भोपळा, शेंगा, टोफू. केळीच्या पानात गुंडाळून नारळाच्या दुधात शिजवलेल्या चिकट तांदळाचा ‘सुमान’. गूळ-नारळाचा ‘बिको’. वाटाणे-तांदूळ मोजावे तशी ती यादी आईने वहीत उतरवून घेतली. जांभळा ‘उबे’ मात्र कंद, रताळे आणि अळकुडीही जमिनीतली. ते यादीत नव्हते. जमिनीखाली उगवते म्हणून एखादी गोष्ट खात नाहीत, हे ऐकून तिकडे हसू आले, पण लिहून घेतले गेले.

तरीही शुक्रवारी व्हायचे ते झाले. शुक्रवारी मूग करण्याची तेथे अनेक घरांत रीत आहे. मुगाला ते ‘मोंगो’ म्हणतात. सहसा त्यात डुकराचे मांस पडते. लोलाने पाहुण्यासाठी मुद्दाम ते टाळले, लसूण-कांदाही टाळला, सकाळपासून चुलीपाशी बसून मूग शिजवले आणि स्वतःच्या हाताने वाडगा त्याच्यापुढे ठेवला. चव यावी म्हणून मूठभर सुकी कोळंबी मात्र घातली होती. ती तिच्या लेखी मांसात मोडत नव्हती. वाडग्यात तिचे बारीक गुलाबी तुकडे दिसत होते.

टेबलाभोवती अकरा माणसे होती. प्रार्थना झाली होती. सर्वांनी कपाळ-छातीवर क्रूसाची खूण केली, तेव्हा तो हात जोडून शांत उभा होता. आता सगळे त्याच्या पहिल्या घासाची वाट पाहत होते. वाडगा हळूच बाजूला सारणे, पोट बिघडल्याचे सांगणे, खाल्ल्यासारखे करणे, असे सोपे मार्ग होते. त्याने वाडगा दोन्ही हातांनी उचलला, उठून लोलापाशी गेला, तिचा हात कपाळाला लावला आणि म्हणाला, ‘लोला, आपण माझ्यासाठी केलेत हे मी विसरणार नाही. पण यात जीव आहे, आणि मला ते खाता येत नाही.’ मुलीने तागालोगमध्ये सांगितले. लोला बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने वाडगा घेतला, नातवापुढे ठेवला आणि पाहुण्याला भात, केळी व लिंबासारखे ‘कालामान्सी’ दिले. जेवण शांततेत झाले. तो शांतपणा सुखाचा नव्हता, आणि मुलगी त्या रात्री रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बाजारातून लहानसे नवे पातेले आणले आणि लोलाची परवानगी मागून तिच्याच चुलीवर मूग शिजवले : जिरे, हिंग, हळद, शेवटी कालामान्सीचा रस. हिंगाच्या वासाने दोन मुले घराबाहेर पळाली. लोलाने चाखले, मान हलवली, ‘मासाराप’ म्हणजे चवदार, असे म्हणाली, आणि मग शांतपणे बाटली उघडून आपल्या वाडग्यात पातिसचे चार थेंब घातले. सगळे मोठ्याने हसले. त्या हसण्यानंतर घरातले वातावरण बदलले, हे त्याने घरी फोनवर सांगितले.

चौविहाराचे गणितही तेथे वेगळे. डिसेंबरात त्या भागात सूर्यास्त साडेपाचच्या सुमारास होतो आणि रात्रीचे जेवण सात-आठला. त्याने आग्रह धरला नाही. दुपारचे ‘मेरियेंदा’, म्हणजे चारच्या सुमाराचा फराळ, हेच आपले सायंकाळचे जेवण ठरवले आणि रात्री सर्वांबरोबर नुसता बसून गप्पा मारल्या. ताट न घेता पंगतीत बसता येते, हे दाखवून दिले की यजमानांचा संकोच दोन दिवसांत जातो. पहाटेचा प्रश्न अधिक रंजक होता. १६ ते २४ डिसेंबर या नऊ पहाटे ‘सिंबांग गाबी’ची प्रार्थना असते, लोक अंधारातच चर्चमध्ये जातात आणि बाहेर आल्यावर गरम ‘बिबिंका’ व ‘पुतो बुंबोंग’ खातात. बिबिंकात अंडे असते. पुतो बुंबोंग म्हणजे बांबूच्या नळीत वाफवलेले जांभळ्या तांदळाचे पीठ, वर नारळ आणि गूळसाखर. ते त्याने केळीच्या पानात बांधून घरी आणले आणि सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी, नवकारसी पाळून, खाल्ले. तिसऱ्या दिवसापासून मुलीचा धाकटा भाऊ घड्याळ लावून त्याच्यासोबत थांबू लागला.

आता व्यवहाराची बाजू. मुलीच्या आईचे घराच्या पुढच्या खोलीत ‘सारी-सारी’ दुकान आहे, म्हणजे आपल्या गल्लीतले किराणा दुकानच. एक चमचा तेल, एक अंडे, शांपूची एक पुडी असा सुटा माल विकण्याला तेथे ‘तिंगी’ म्हणतात. उधारीची वही म्हणजे ‘लिस्ता’. बीडच्या मुलाने ती वही पाहिली, तारीख-नाव-रक्कम असे रकाने पाहिले आणि त्याला आजोबांच्या लाल कापडी वह्या आठवल्या. दुकानावरून बोलणे सुरू झाले आणि तेथेच एक अवघड गोष्ट निघाली.

फिलिपिन्समध्ये भारतीयाला सामान्य बोलीत ‘बुंबाय’ म्हणतात. शब्द मुंबईवरून पडला. मोटारसायकलवरून दारोदार फिरून ‘पाच-सहा’ने कर्ज देणारा माणूस, ही त्याची प्रतिमा. पाच घ्यायचे, सहा परत करायचे, हप्ता रोजचा. हे सावकार बहुतेक मूळचे पंजाबातले. पण तेथील डोळ्यांना पंजाब आणि मराठवाडा सारखाच. रडणाऱ्या मुलाला ‘बुंबाय घेऊन जाईल’ अशी भीती घालतात. लोलाच्या दुकानाचे पहिले भांडवल अशाच एका बुंबायकडून आले होते, आणि ते फेडताना तिने काय सोसले हे तिने स्पष्ट सांगितले. तो खाली मान घालून ऐकत राहिला. त्याच्या घरीही पूर्वी व्याजबट्ट्याचा व्यवहार होता हे त्याने लपवले नाही. व्यापारी घराण्याच्या मुलाने अशा वेळी बचाव न करता ऐकून घ्यावे, यापेक्षा अधिक योग्य वागणे सुचत नाही.

मुलीचा पगार दर महिन्याला घरी येतो. धाकट्या भावाचे शिक्षण त्यावर चालते. लग्नानंतर काय, हा प्रश्न तिच्या वडिलांनी विचारला नाही, पण तो खोलीत होता. ‘तो तिचा पैसा आहे, तो येत राहील,’ असे त्याने आपण होऊन सांगितले. बीडला वडिलांना हे कळले तेव्हा ते म्हणाले, ‘भागीदारीत आधी बोललेलेच टिकते. ठीक केलेस.’

कागदपत्रांबाबत समाजातील पालकांना माहिती कमी असते. फिलिपिन्सच्या कुटुंबविषयक कायद्यानुसार तेथे विवाह करणाऱ्या परदेशी व्यक्तीला आपल्या देशाच्या दूतावासाकडून विवाहास पात्र असल्याचे प्रमाणपत्र आणावे लागते. भारतात करायचा तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात ३० दिवसांची नोटीस असते. मुस्लिम समाज वगळता तेथे घटस्फोटाचा कायदा नाही, हेही आधी समजून घ्यावे. चर्चमध्ये विवाह झाला तर वराला धर्म बदलावा लागत नाही, बिशपची अनुमती मात्र लागते. आणि कॅथलिक वधूला मुलांना त्या धर्मात वाढवण्याचा यथाशक्ती प्रयत्न करण्याचे वचन द्यावे लागते. या शेवटच्या मुद्द्यावर दोघांचे अजून एकमत झालेले नाही. सारे ठरले असे भासवून तो परतला नाही, हे बरे झाले.

निघण्याच्या आदल्या दिवशी मुलीच्या वडिलांनी ‘पामानहिकान’चा विषय काढला. वराकडील मंडळींनी वधूच्या घरी येऊन मागणी घालायची, ही ती रीत. शब्दाचा अर्थ घराचा जिना चढून येणे. मुलाने एकट्याने येणे ही केवळ ओळख. आई-वडिलांनी आल्याखेरीज बोलणे पुढे जात नाही. जून २०२५ पासून भारतीय पर्यटकांना १४ दिवस व्हिसाविना प्रवेश आहे आणि ऑक्टोबरपासून दिल्लीहून मनिलाला थेट विमानही जाते. वडिलांनी तारीख दिली नाही. पारपत्राचे नूतनीकरण करायला टाकले आहे, एवढेच सांगितले.

आईने फोनवर पातेल्याची चौकशी केली. लोलाने ते घासून-पुसून स्वयंपाकघरात वेगळ्या खिळ्यावर टांगले आहे आणि त्यात दुसरे काही शिजवू देत नाही, असे मुलाने सांगितले. ‘तिला विचार,’ आई म्हणाली, ‘तिच्याकडे चाळणी आहे का? नसेल तर मी घेऊन येईन.’