उणे शंभरची गोष्ट

घार आकाशात घिरट्या घालताना तुम्ही कितीतरी वेळा पाहिली असेल. पंख न हलवता ती वर वर जाते. उन्हानं तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर चढते आणि घार नेमकी त्या हवेत शिरते. माणसाला मात्र हे जमत नाही. लिफ्ट सुरू होताना आणि थांबताना हिसका बसतो, पण मधल्या वेळात डोळे मिटले, तर आपण वर चाललोय की खाली, हे कळत नाही. म्हणूनच उडणाऱ्या माणसाला यंत्र लागतं.

हे यंत्र मी पाहिलं ते आमच्या शाळेशेजारच्या शेतात. आमची शाळा मावळात, कामशेतच्या बाजूला. पावसाळा सरला की इथल्या टेकड्यांवरून पॅराग्लायडर उडू लागतात. ना इंजिन, ना पंखा. नुसता वाऱ्यानं फुगलेला कापडी पंख आणि दोऱ्या. एके दुपारी एक ताई भात कापून रिकाम्या झालेल्या खाचरात अलगद उतरली. मधली सुट्टी होती. मग काय, माझा सहावीचा अख्खा वर्ग बांधावर!

ताईंच्या मांडीजवळ मोबाइलएवढं यंत्र बांधलेलं होतं. त्याचं नाव व्हेरिओ. आपण जसजसे उंच जातो तसतसा हवेचा दाब कमी होतो. व्हेरिओ तो दाब सारखा मोजतो. वर चढताना ‘टीं टीं’ वाजतो, खाली जाताना घोगरा सूर काढतो. त्यामुळे नजर आकाशात ठेवून कानानंच सगळं समजतं. त्यातच जीपीएसही असतं. उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांवरून आपण कुठे आहोत आणि जमिनीवरून किती वेगानं पुढं सरकतोय, हे ते सांगतं. जायच्या ठिकाणांच्या खुणा आधीच त्यात भरून ठेवायच्या. या खुणांना वेपॉइंट म्हणतात. आपण त्यांना टप्पे म्हणू.

“पण ताई, टप्प्यापर्यंत पोचणार की नाही, हे कसं कळतं?” एका मुलीनं विचारलं.

ताई म्हणाल्या, “चला, गणित करू. माझा पंख एक मीटर खाली येताना आठ मीटर पुढं जातो. मी ३०० मीटर उंचावर होते. टप्पा १६०० मीटर लांब. किती उंची खर्च होईल?”

“दोनशे!” पोरं ओरडली.

“म्हणजे १०० मीटर शिल्लक. यंत्रानं दाखवलं, अधिक १००. तेवढ्यात समोरून वारा सुटला. माझा हवेतला वेग ताशी ३६ किलोमीटर, वारा ताशी १८. जमिनीवरून वेग उरला निम्मा. खाली येणं मात्र तेवढंच राहिलं. आता एका मीटरला चारच मीटर! लागणार ४०० मीटर आणि माझ्याकडे तीनशे. यंत्रानं दाखवलं, उणे १००.”

वारा किती आहे हे यंत्राला कसं समजतं, हीही एक गंमतच. ताईंनी हवेत एक पूर्ण गोल चक्कर मारली होती. एका बाजूला जाताना जमिनीवरचा वेग ताशी ५४ झाला, उलट बाजूला १८. फरक ३६, त्याचा निम्मा १८. तोच वारा आणि तीच त्याची दिशा!

मागच्या रांगेतला एक मुलगा हळूच म्हणाला, “म्हणजे ताई, तुम्ही हरलात?”

ताईंनी पलीकडे बोट दाखवलं. ओढा आणि त्यावरून गेलेल्या विजेच्या मोठ्या तारा. “टप्पा त्यांच्या पलीकडे होता. उणे १०० दिसत असतानाही मी पुढं रेटलं असतं, तर कुठं पोचले असते? या यंत्राला तारा दिसत नाहीत, शेतातली गुरं दिसत नाहीत. पुढची हवा आणखी खाली ओढणार आहे का, हेही त्याला ठाऊक नसतं. ते फक्त आत्ताचा हिशेब सांगतं. वळायचं की नाही, हे मीच ठरवायचं आणि तेही उंची शिल्लक असतानाच. अगदी खाली आल्यावर ठरवायला काही उरत नाही.”

ताईंनी पंखाची घडी घातली, पाठीवर घेतली आणि त्या रस्त्याला लागल्या. आम्ही वर्गात आलो. त्या दिवशी पूर्णांक संख्यांचाच धडा होता. ‘शून्यापेक्षा लहान संख्या असते तरी कशाला?’ हा दरवर्षीचा प्रश्न त्या वर्षी कोणी विचारलाच नाही. उलट, नापास होण्याच्या धास्तीनं चाचणीचा कागद लपवणारा तो मागच्या रांगेतला मुलगा स्वतःहून फळ्याजवळ आला आणि विचारू लागला, “गुरुजी, भागाकारात माझं किती उणे आहे, ते परीक्षेच्या आधीच सांगाल का?” आम्ही रोज मधल्या सुट्टीत दहा मिनिटं भागाकाराला दिली.

आता तुमच्यासाठी एक गणित. उंची तीच ३००, हवेतला वेग तोच ३६, पण १८ चा वारा पाठीमागून आहे. ताई किती लांब पोचतील? उत्तर ३६०० मीटर आलं, तर तुम्ही बरोबर. मात्र उत्तर काढण्याआधी उतरायला मोकळं शेत कुठं आहे, ते बघून ठेवा बरं का!