पल्टण सुटल्यावर

दरवर्षी सुमारे 60,000 जण तिन्ही सेनादलांतून निवृत्त होतात. त्यातले बहुतेक 35 ते 45 वयाचे. याच वयात बँकेतला कारकून बढतीच्या परीक्षेला बसतो, शाळेतले मास्तर मुख्याध्यापकपदाची वाट बघत असतात. जवान मात्र काळी ट्रंक घेऊन गावच्या स्टँडवर उतरतो. घरी थोरल्याची दहावी, धाकटीची फी, अर्धवट बांधलेलं घर आणि हातात शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन. सीमेवर तरुण माणसं लागतात म्हणून त्याला तरुणपणीच घरी पाठवलं जातं. ही सोय देशाच्या गरजेतून झाली आहे. म्हणून त्याच्या दुसऱ्या नोकरीची काळजीही देशानंच वाहायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

*

आमच्या भागातल्या एका निवृत्त हवालदारांचा नोकरीसाठी केलेला बायोडेटा माझ्यासमोर आला. एकच पान, तेही निम्मं कोरं. ‘आर्मी सर्व्हिस 24 वर्षे. शिक्षण दहावी पास. काम – सिक्युरिटी.’

“मेजर, पल्टणीत काम काय होतं?”

“बॉम्बे सॅपर्सला होतो मॅडम. मशीन चालवायचो.”

“कसलं मशीन?”

मग एकेक निघत गेलं. डोझर, एक्स्कव्हेटर. लडाखमध्ये बर्फानं बंद पडलेला रस्ता मोकळा करायचा. पहाटेच्या थंडीत इंजिन कसं सुरू करायचं, कड सुटलेल्या वाटेवर मशीन कुठवर न्यायचं, नव्या पोरांचा हात कसा बसवायचा, लॉगबुक रोज कसं भरायचं. शेवटी शेवटी मशिनं आणि ती चालवणारी पोरं, दोन्ही त्यांच्या ताब्यात होती. डिझेलचा हिशेब त्यांच्या सहीनं वर जायचा. यातलं एक अक्षर कागदावर नव्हतं. “हे काय लिहायचं, सगळेच करतात,” असं ते म्हणाले. पल्टणीत कुणाचा ट्रेड काय, हात कुणाचा चांगला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. स्वतःबद्दल सांगायची पाळीच येत नाही. सिव्हिलमध्ये आल्यावर हीच सवय आडवी येते.

आम्ही ‘सिक्युरिटी’ खोडलं. कोणती मशिनं, किती उंचीवर, हाताखाली किती माणसं, कोणती दुरुस्ती स्वतः केली, हे सगळं ओळीनं लिहून काढलं. पान पुरेना.

*

कुठे जायचं, हे पुष्कळांना माहीत नसतं, म्हणून इथे मांडून ठेवते.

दिल्लीला संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाखाली पुनर्वसन महासंचालनालय आहे. त्याची पाच विभागीय कार्यालयं, त्यातलं दक्षिणेचं पुण्यात. राज्याचा सैनिक कल्याण विभागही पुण्यातच. आणि आपल्याला जवळचं म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. ओळखपत्र तिथेच मिळतं, नोकरीसाठी नावनोंदणीही तिथेच होते, नोकरी देणारे मागणी कळवतात तीही तिथेच. निवृत्त होऊन आल्यावर पहिल्या महिन्यातच जावं. जाताना डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, शाळेचा दाखला आणि ट्रेडची सगळी प्रमाणपत्रं न्यावीत, झेरॉक्ससकट. कॅन्टीन कार्डासाठी धावपळ करणारा माणूस नोंदणी मात्र ‘बघू पुढे’ म्हणून ठेवून देतो. मधल्या काळात जाहिराती निघून जातात.

*

आरक्षणाचे आकडे. केंद्र सरकारच्या थेट भरतीत गट क मध्ये 10 टक्के, पूर्वीच्या गट ड मध्ये 20 टक्के. सरकारी बँका आणि सार्वजनिक उपक्रमांत गट क ला 14.5 आणि गट ड ला 24.5 टक्के, त्यातले 4.5 टक्के युद्धात अपंगत्व आलेल्या सैनिकांसाठी आणि शहिदांच्या कुटुंबीयांसाठी. महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि ड मध्ये 15 टक्के, समांतर आरक्षण म्हणून, म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतच. केंद्राच्या भरतीत वयातून सेवेची सगळी वर्षं वजा होतात आणि वर आणखी तीन वर्षांची सूट मिळते. दहावी पास जवानाची सेवा 15 वर्षं झाली असेल, तर जिथे पदवी मागतात अशा गट क च्या बिगरतांत्रिक पदांसाठीही त्याला अर्ज करता येतो.

एवढं सगळं असून प्रत्यक्षात भरलेल्या जागा या वाट्याच्या आसपासही नसतात. कारण साधं आहे. परीक्षा तीच. ज्यानं वीस वर्षं वही धरली नाही त्याला कालपरवा पदवी घेतलेल्या मुलासोबत तोच पेपर सोडवायचा असतो, तोही वेळ लावून. पात्र माजी सैनिक मिळाला नाही की समांतर आरक्षणातली ती जागा त्याच प्रवर्गातल्या दुसऱ्या उमेदवाराला जाते. पुढच्या वर्षासाठी राखून ठेवली जात नाही. गावोगावी पोलीस भरतीच्या अकादम्या निघाल्या. माजी सैनिकांना गणित, इंग्रजी आणि संगणकाची उजळणी करून देणारा वर्ग तालुक्याच्या गावी शोधूनही सापडत नाही. तो काढायला फार पैसा लागत नाही. निवृत्त शिक्षक आहेत, संध्याकाळी रिकाम्या शाळा आहेत.

*

एक नियम अनेकांच्या मुळावर येतो. माजी सैनिक म्हणून आरक्षणातून एका सरकारी नोकरीत रुजू झालात की पुढच्या सरकारी भरतीसाठी तो लाभ संपतो. घाईनं शिपायाच्या जागेवर रुजू झालेल्या माणसाला नंतर कारकुनाची जागा त्या वाट्यातून मिळत नाही. केंद्राच्या नियमात वाट आहे. रुजू होण्याआधी आणखी कुठे कुठे अर्ज केलेत, ते नव्या कार्यालयाला तारखांसह लिहून द्यायचं. मग त्या अर्जांपुरता लाभ राहतो. हा एक कागद द्यायला विसरू नये.

*

गेटवरची नोकरी. राज्याच्या माजी सैनिक महामंडळानं, म्हणजे मेस्कोनं, हजारो घरांची चूल पेटती ठेवली आहे. बँका, वीज केंद्रं, सरकारी कार्यालयं, सगळीकडे त्यांचे रक्षक उभे आहेत. बँकेतला बंदूकधारी रक्षक बहुधा फौजीच असतो. या कामाला मी कमी लेखत नाही. रात्रपाळी करून मुलीला इंजिनियर केलेले फौजी माझ्या ओळखीचे आहेत.

मला खुपतं ते वेगळंच. सिग्नलचा टेक्निशियन, रुग्णालयातला नर्सिंग असिस्टंट, शेकडो माणसांचा शिधा सांभाळणारा स्टोअरकीपर, रडार दुरुस्त करणारा एअरमन, सगळे त्याच एका गेटवर येऊन उभे राहतात. सरकारनं त्यांना शिकवण्यावर वर्षानुवर्षं खर्च केला. तालुक्याच्या दवाखान्यात हाताशी माणूस नाही, म्हणून डॉक्टर कुरकुरतात आणि त्याच दवाखान्याच्या दारात इंजेक्शन द्यायला, जखम बांधायला शिकलेला माणूस रजिस्टर घेऊन बसलेला असतो. त्याच्या प्रशिक्षणाचं सिव्हिलमध्ये चालणारं प्रमाणपत्र हातात नाही, एवढ्याच कारणानं.

*

निवृत्तीनंतर दुसरं काम शोधायची अडचण आजची नाही. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर पदरात मोठं कुटुंब. सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता, तिथे ते कॅशियर झाले. बाबासाहेबांनी लहानपणी वडिलांना भेटायला केलेल्या ज्या प्रवासाबद्दल लिहिलं आहे, तो याच गावी जाण्यासाठी. सैन्यात मिळालेलं शिक्षण निवृत्तीनंतर घर चालवायला उपयोगी पडलं, याचं हे ठळक उदाहरण. दापोलीत स्थायिक झालेले निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 मध्ये महारांना पुन्हा सैन्यात घ्यावं म्हणून अर्ज तयार केला. त्यामागचं दुःख यावरून समजतं. महारांना पल्टणीचं दार बंद झालं तेव्हा पगार, पेन्शन, शाळा आणि त्यानंतरची कामं अशी सगळी वाटच बंद झाली होती.

*

खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट 1917 ची. पहिल्या महायुद्धात हात-पाय गमावलेल्या सैनिकांना हुन्नर शिकवावा म्हणून निघालेली. आजही अपंग जवान तिथे काम शिकतात. आधी माणसाला काय येईल ते बघायचं, मग त्याला ते शिकवायचं, हा तिचा क्रम मला फार आवडतो.

मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, लष्कराच्या ईएमई या यंत्रदुरुस्ती शाखेचे जवान. 1965 च्या युद्धात जबर जखमी झाले. 1972 मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. हे आता सिनेमामुळे घरोघरी पोचलं. त्यांनी पुण्यात टेल्कोत वर्षानुवर्षं नोकरी केली, हे मात्र कमी सांगितलं जातं. पदकाच्या दिवशी हार पडतात, पण घर चालायला दर महिन्याचा पगार लागतो.

*

गेटापलीकडे काय करता येतं, याचा एक नमुना. 1982 मध्ये मसुरीचे चुनखडीच्या खाणींनी उघडे पडलेले डोंगर पुन्हा हिरवे करायला प्रादेशिक सेनेची पहिली पर्यावरण बटालियन उभी राहिली, गढवालमधल्या माजी सैनिकांची. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला महार रेजिमेंटशी जोडलेली 136 वी बटालियन हेच काम करते. शिस्त, डोंगर चढायची सवय, टोळीनं काम करणं, दिलेलं रोप जगवण्याची जबाबदारी, सगळं इथे कामी येतं. आणि माणूस आपल्याच मुलखात राहतो. पाणलोट, आपत्ती व्यवस्थापन, वनवणवे, पूर, यांसाठी अशा किती तुकड्या जिल्ह्याजिल्ह्यात उभ्या करता येतील!

*

सेवेच्या शेवटच्या टप्प्यात पुनर्वसनाचे कोर्स करता येतात. जवानांना ते मोफत असतात. अधिकाऱ्यांसाठी आयआयएमसारख्या संस्थांत 24 आठवड्यांचा अभ्यासक्रम असतो, फीचा मोठा वाटा सरकार उचलतं. अधिकारी कोर्स आधीपासून ठरवतो, त्याला विचारायला बॅचमेट असतात. जवान मिळेल तो कोर्स घेतो. माझी विनंती घरच्यांना आहे. शेवटची दोन वर्षं राहिली की सुट्टीवर आलेल्या माणसाशी घराच्या स्लॅबइतकीच त्याच्या पुढच्या कामाचीही चर्चा करा. गावात काय चालेल, जवळच्या एमआयडीसीत कोणाला माणूस हवाय, ते आधी पाहून ठेवा आणि कोर्स त्यावरून निवडू द्या.

*

वीरपत्नीच्या नोकरीचा अर्ज भरताना तिचं स्वतःचं शिक्षण आणि तिला काय करायचं आहे, हे आधी विचारावं. दीर, सासरे सोबत असतात, तेच उत्तरं देतात. एका वहिनींना शिवणकाम दिलं जात होतं; त्या बीएस्सी होत्या.

*

अग्निपथ योजना जून 2022 मध्ये आली. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के मुलं कायम होणार, उरलेली साधारण 11.71 लाखांचा सेवा निधी घेऊन घरी येणार, पेन्शनशिवाय. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं 2026 च्या अखेरीपासून भरतात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांच्यासाठी आरक्षण जाहीर झालं आहे. पण ही मुलं पंचविशीच्या आतबाहेरची असतील, सगळ्यांना पुन्हा वर्दीच हवी असेल असं नाही. त्यांना लगेच कॉलेज, आयटीआय, शिकाऊ उमेदवारी मिळायला हवी.

सैनिक टाकळी, अपशिंगे मिलिटरी ही गावं पिढ्यान् पिढ्या मुलं पाठवत आली. एकट्या अपशिंग्याचे 46 जण पहिल्या महायुद्धात कामी आले. अशा गावांच्या तालुक्यात तरी जिल्हा कार्यालयाची माणसं महिन्यातून एकदा येऊन बसावीत. नोंदणी, बायोडेटा, परीक्षेची माहिती, कारखानदारांशी गाठ, सगळं एकाच टेबलावर व्हावं. साताऱ्यापासून कोल्हापुरापर्यंत जे कारखानदार शिस्तीची माणसं मिळत नाहीत म्हणतात, त्यांनी त्या दिवशी आपला माणूस पाठवावा आणि समोर बसलेल्या फौजीला पहिला प्रश्न त्याच्या ट्रेडबद्दल विचारावा.