मामा-भाचीच्या गावात

सॅन फ्रान्सिस्कोला गेलेला मराठी माणूस काय करतो? गोल्डन गेटवर फोटो काढतो, थंडीनं कुडकुडतो आणि रात्री कुणाच्या तरी घरी साबुदाण्याची खिचडी खातो. २०२५च्या ऑक्टोबरात मी हे सगळं केलंच. पण खरं सांगू? मला बघायचं होतं सांता क्लारा! गाव म्हणजे काय, तर रुंद रस्ते, मोठमोठे पार्किंग लॉट आणि ऑफिसांच्या रांगा. तरी माझ्यासाठी ते पंढरपूरच होतं.

का ते सांगतो. २००४ साली माटुंग्याच्या हॉस्टेलवर आमच्या रूममध्ये दोन पक्ष होते. मी हिरवा, म्हणजे एनव्हिडियावाला. रूममेट लाल, म्हणजे एटीआयवाला. शिकवण्या घेऊन, वडापाववर दिवस काढून आम्ही पैसे साठवले आणि एका शनिवारी ग्रँट रोडला उतरून अख्खा लॅमिंग्टन रोड पालथा घातला. मी घेतलं जीफोर्स ६६०० जीटी, त्यानं रेडिऑन ९८०० प्रो. ‘डूम ३’ मध्ये हिरव्या कार्डांची चलती, तर ‘हाफ लाइफ २’ मध्ये लाल कार्डांची. मग काय, मेसमधलं जेवण गार व्हायचं, पण आमचं भांडण नाही!

पुढे नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, तो अमेरिकेला गेला. भांडायला विषय उरला नाही आणि हळूहळू फोनही थांबले. वाढदिवसाला केकचं चित्र पाठवायचं, संपलं. दहा वर्षांत आम्ही धड बोललो नव्हतो. सांता क्लारा दाखवायला तोच गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर त्याचा चौदा वर्षांचा मुलगा, कानात हेडफोन. पहिली दहा मिनिटं आम्ही हवामानावर बोललो, राव!

आधी गेलो माझ्या देवळात. सॅन टोमास एक्स्प्रेसवेला लागून एनव्हिडियाच्या दोन अवाढव्य इमारती आहेत, एन्डेव्हर आणि व्हॉयेजर. छतावर, भिंतींवर जिकडेतिकडे त्रिकोण. गंमत म्हणजे, गेममधला राक्षस असो की रेसिंगची गाडी, थ्रीडीत सगळं उभं राहतं ते अशाच छोट्या छोट्या त्रिकोणांतून. आत जायची सोय नाही, पण बाहेरून बघायला कोण अडवतंय?

मग त्याचं देऊळ. एटीआय मूळची कॅनडाची. २००६ मध्ये एएमडीनं ती ५.४ अब्ज डॉलरला विकत घेतली आणि लाल झेंडा एएमडीकडे आला. एएमडीचं मुख्यालय ऑगस्टीन ड्राइव्हवर. गाडीनं किती वेळ लागला असेल? जेमतेम पाच-सात मिनिटं! ज्यांच्यासाठी आम्ही हॉस्टेलवर जीव टाकला, ते शेजारीच राहतात की!

नुसते शेजारी नाहीत, नातेवाईकसुद्धा. एनव्हिडियाचे जेन्सन हुआंग आणि एएमडीच्या लिसा सू, दोघांचाही जन्म तैवानचा. हुआंग हे सू यांच्या आईचे मामे-आतेभाऊ. आपल्याकडच्या हिशेबानं चक्क मामा-भाची! आणि मामानं उमेदवारीच्या काळात एएमडीतही नोकरी केलेली. मित्र हसून म्हणाला, ‘‘म्हणजे भाऊबंदकी इथंही आहे म्हणायची!’’ तिथं आमची गाडी जरा रुळावर आली.

शेवटचा स्टॉप, सॅन होजेच्या बेरीएसा रोडवरचं डेनीज. आपल्याकडचं उडप्याचं हॉटेल जसं, तसं हे साधं हॉटेल. याच टेबलांवर हुआंग आणि त्यांच्या दोन सोबत्यांनी १९९३ मध्ये कंपनीचा बेत आखला. २०२३ मध्ये तिथं तशी पाटीही लावली. आम्ही पॅनकेक मागवले. तेवढ्यात पोरानं हेडफोन काढले.

‘‘काका, बाबा म्हणतो तुम्ही रात्र रात्र भांडायचात. पण कशावरून? टॉपला तर एकच कंपनी आहे ना?’’

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. अरे, याला सांगायलाच हवं! मग सुरू झालो. जून २००८. एनव्हिडियाचं जीटीएक्स २८० आलं ६४९ डॉलरला. आठवड्याभरात लाल गटानं रेडिऑन एचडी ४८७० काढलं, फक्त २९९ डॉलरला. वेगात थोडंसंच मागं, किंमत निम्म्याहून कमी. महिन्याभरात जीटीएक्स २८० आलं ४९९ वर आणि त्याचं धाकटं भावंड २६० उतरलं ३९९ वरून २९९ वर. फायदा कुणाचा? आमच्यासारख्या फाटक्या खिशाच्या पोरांचा!

आणि आता? २०२५ मध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० आलं १,९९९ डॉलरला. एएमडीनं त्या वर्षी शिखरावरची लढाई सोडली आणि ५९९ डॉलरचं रेडिऑन आरएक्स ९०७० एक्सटी आणलं. वर अडवणारं कुणी नसलं की किंमत खाली कशाला येईल? शिवाय एनव्हिडियाच्या २०२५च्या आर्थिक वर्षातल्या १३० अब्ज डॉलर उत्पन्नात गेमिंगचे होते फक्त ११ अब्जांच्या आसपास. बाकी बहुतेक एआयच्या डेटा सेंटरांचे. गेमर आता त्यांचं मुख्य गिऱ्हाईक नाही. आमच्या वेळी आम्ही राजे होतो, राव!

पोराकडे साठवलेले सातशे डॉलर होते. ५०९० स्वप्नातच. ‘‘मग ९०७० एक्सटी घे,’’ बाप म्हणाला. मी उसळलो, ‘‘अरे, अजून थोडे साठव, ७४९ चं आरटीएक्स ५०७० टीआय बघ. रे ट्रेसिंग कुणाचं चांगलं?’’ ‘‘त्या रे ट्रेसिंगसाठी दीडशे डॉलर जास्त?’’ झालं! पॅनकेक गार झाले, कॉफी तीनदा भरून झाली. पोरगं आळीपाळीनं दोघांकडे बघत होतं.

शेवटी त्यानं लालच घेतलं. बापाचा विजय. त्या दिवसापासून दर रविवारी मित्राचा फोन येतो, मला चिडवायला. मीही वाट बघतो.

तर मंडळी, बे एरियाला गेलात तर गोल्डन गेट बघाच. पण एक सकाळ सांता क्लारासाठी ठेवा. तिन्ही ठिकाणं अर्ध्या दिवसात होतात, फक्त गाडी हवी. आणि सोबत तुमच्याशी भांडणारा जुना मित्र असेल तर उत्तमच!