गेटवेवरून अर्धा तास

गेल्या हिवाळ्यात आम्ही सारे गेटवेला लाँचमध्ये बसलो. अर्ध्या तासाची फेरी. वरच्या मजल्याला थोडे पैसे जादा. मुलांच्या हट्टापुढे तेही दिले. धक्का सुटला तसे १९०३चे ताज आणि १९२४ची कमान लहान होत गेली. इंग्रजांची शेवटची पलटण २८ फेब्रुवारी १९४८ला याच कमानीतून गेली, हे आम्ही मुलांना सांगितले. त्यांचे लक्ष नौदलाच्या जहाजांकडे.

अम्मी मात्र त्यांच्यापलीकडे, गोदीच्या क्रेनकडे पाहत होती. दादी तिकडूनच मोगल लाइनच्या जहाजाने हजला गेल्या. जिद्दापर्यंत आठवडाभर पाणीच पाणी. पोचवायला रत्नागिरीकडचे निम्मे गाव आलेले. दादी एकेकाचा हात धरून म्हणत होत्या, "कहा-सुना माफ करा." परतण्याची खात्री कुणाला होती? ट्रंकेच्या तळाशी कफनाचे कापड होते. झमझममध्ये भिजवून, वाळवून त्यांनी ते परत आणले. अकरा वर्षांनी ते कामी आले.

मुंबईहून हजची जहाजे १९९५ला थांबली. विमान पाच तासांत पोचवते. म्हाताऱ्यांचे हाल वाचले, हे खरेच. पण विमानाला रुमाल कुठून हलवायचा?

अम्मीने लाँचवरच्या पोराला विचारले, "बेटा, हजची जहाजे लागायची तो धक्का यातला कुठला?"

"हजला बोटीने?" तो हसला. "मावशी, इथून घारापुरी नाहीतर मांडवा."