शब्दांची फोड



गेल्या पालकसभेत एक सूचना आली. नववी-दहावीचा मराठी व्याकरणाचा एक तास कमी करून तो इंग्रजीला द्यावा, असे काही पालकांचे म्हणणे होते. विश्वस्त मंडळींनीही ती ऐकून घेतली आहे. सूचनेमागची काळजी मला पूर्ण मान्य आहे. आपली मुले दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पी.यू.सी.ला विज्ञान घेतले की भौतिकशास्त्रापासून जीवशास्त्रापर्यंत सगळे एकदम इंग्रजीत समोर येते. पहिले दोन-तीन महिने हुशार मुलेसुद्धा वर्गात गप्प बसतात. काही जण तर या धास्तीने विज्ञानाकडे वळतच नाहीत. तेव्हा मुलांचे इंग्रजी शब्द वाढलेच पाहिजेत, यात वाद नाही. परंतु ज्या तासाच्या आधारे ते वाढतील, तोच तास आपण कापायला निघालो आहोत, असे मला वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेव्हा इंग्रजी म्हणजे रट्टा. रोज दहा शब्द, समोर अर्थ, सकाळी पाठ आणि आठवड्याने पाटी कोरी. आजही बाजारातून आणलेली शब्दांची पुस्तके मुले तशीच घोकतात. मला वाट सापडली ती हिंदी व्याकरणातल्या ‘उपसर्ग और प्रत्यय’ या प्रकरणात. शब्दाच्या पुढे काय जोडले, मागे काय जोडले, हे पाहण्याची सवय लागली आणि लांबलचक इंग्रजी शब्दांची भीती हळूहळू गेली.

आपल्या मुलांना ही सवय नव्याने लावावी लागत नाही. ‘नापास’ हा शब्द कोणाला माहीत नाही? त्यातला ‘ना’ फारसी आणि ‘पास’ इंग्रजी. ‘डॉक्टरकी’त डॉक्टर इंग्रजी आणि मागचा ‘की’ आपला. बीदर-कलबुर्गीकडचे मूल तर घरी मराठी, बाजारात दख्खनी आणि बसमध्ये कन्नड बोलते. मोठा-मोठेपण, कन्नडात दोड्ड-दोड्डतन, हिंदीत बडा-बडप्पन. मग इंग्रजीत ग्रेट-ग्रेटनेस व्हायला त्याला कितीसा वेळ लागणार? आपल्या बिदरी कलेच्या वस्तूंना इंग्रजीत ‘बिदरीवेअर’ म्हणतात. या एका शब्दात गावाचे नाव आहे, कोल्हापुरीत असतो तो ‘ई’ आहे, आणि हार्डवेअर-सॉफ्टवेअरमधला ‘वेअर’, म्हणजे माल, हेही आहे.

आता व्याकरणाच्या तासाकडे येतो. (इंग्रजी शब्द मी इथे देवनागरीत लिहितो आहे, मुलांनी त्यांचे स्पेलिंग स्वतः वहीत लिहावे.) इंग्रजीत नकार दाखवणारा ‘इन’ हा उपसर्ग आहे. पण तो नेहमी ‘इन’ राहत नाही. पॉसिबलच्या आधी तो ‘इम’ होतो, लीगलच्या आधी ‘इल’ आणि रेग्युलरच्या आधी ‘इर’. इंग्रजीच्या मार्गदर्शक पुस्तकात हे चार निरनिराळे उपसर्ग म्हणून पाठ करायला दिलेले असतात. आपली नववीची मुलगी मात्र संधी शिकलेली असते. उत् अधिक लेख म्हणजे उल्लेख, हे तिला ठाऊक आहे. ‘त’ पुढच्या ‘ल’सारखा झाला, इल्लीगलमध्ये ‘न’ पुढच्या ‘ल’सारखा झाला. इथे पाठ करायचे वेगळे काही उरलेच नाही. तसेच ‘अंत’ म्हणताना आपण अनुस्वाराचा न करतो आणि ‘अंबा’ म्हणताना म. प-ब-म हे ओठांचे वर्ण, त्यांच्याआधी ओठ आपोआप मिटतात. इम्पॉसिबलमध्ये म येतो तो याच कारणाने. स्पेलिंगचाही फायदा होतो. इल्लीगलमध्ये दोन एल आणि इर्रेग्युलरमध्ये दोन आर का, हे ज्याला कळले त्याचा एक एल किंवा आर सहसा गळत नाही.

हे वर्गात सांगितले तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मग अनपॉप्युलरमध्ये ‘अन’ बदलत का नाही?” प्रश्न फार चांगला होता. ‘इन’ हा लॅटिनमधून आलेला, शब्दात मुरलेला उपसर्ग. ‘अन’ इंग्रजीचा घरचा. मराठीतही असेच आहे. संधीचे नियम तत्सम शब्दांना लागतात. ‘बिनपगारी’तला घरगुती ‘बिन’ मात्र जसाच्या तसा राहतो.

या भाषांचे नाते दूरचे नाही. 1786 साली विल्यम जोन्स यांनी कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात असे मांडले, आणि पुढे अभ्यासकांनी ते पक्के केले. गणितातली परिमिती घ्या. इंग्रजीत तिला पेरिमीटर म्हणतात. ‘परि’ आणि ‘पेरि’ म्हणजे भोवती, ‘मिती’ आणि ‘मीटर’ म्हणजे माप. आमंत्रणपत्रिकेवर आपण ज्यांना माननीय लिहितो, त्यांना इंग्रजीत ऑनरेबल लिहितात. मान अधिक अनीय, ऑनर अधिक एबल. विश्वस्त मंडळींना हे उदाहरण आवडेल अशी आशा आहे.

पण नुसती फोड पुरत नाही. हुमनाबादवरून जाणाऱ्या सोलापूर-हैदराबाद महामार्गावर टँकरच्या मागे ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेले दिसते. ‘इन’ म्हणजे नाही असे धरून चालणारा मुलगा म्हणेल, हा पेटत नाही! अर्थ नेमका उलटा आहे. इथला ‘इन’ नकाराचा नव्हे, ‘आत’ या अर्थाचा. मराठीत अमरमधला ‘अ’ आणि आमरणमधला ‘आ’ असेच फसवे आहेत. हिंदीत ‘शिक्षा मिली’ म्हणजे शिक्षण मिळाले, आणि मराठीत ‘शिक्षा मिळाली’ म्हणजे काय ते मुलांना सांगायला नको. म्हणून फोडलेला प्रत्येक शब्द वाक्यात बसवलाच पाहिजे, आणि वाक्य स्वतःचे हवे. मार्गदर्शक पुस्तकातले लंडनचे वाक्य उतरवून उपयोग नाही. एका मुलाने लिहिले, ‘द बस टू अवर व्हिलेज इज इर्रेग्युलर.’ दुसऱ्याने लिहिले, ‘रेन इज अनप्रेडिक्टेबल, सो माय फादर इज वरिड.’ ‘प्री’ म्हणजे आधी, ‘डिक्ट’ म्हणजे सांगणे, ‘एबल’ म्हणजे शक्य, आणि पुढे ‘अन’: आधी सांगता न येणारा. तुरीच्या पेरणीच्या दिवसांत घरी जे ऐकले तेच त्याने लिहिले. तो शब्द आता त्याच्याकडून सुटणार नाही.

माझी विनंती अशी की, व्याकरणाचा तास आहे तसाच राहू द्यावा. त्याऐवजी दर शुक्रवारचा एक तास मराठी आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी मिळून घ्यावा, आणि मार्चनंतर मुलांच्या वह्या पाहून विश्वस्तांनी निर्णय करावा. शब्द अजिबात पाठ करू नयेत असे मी म्हणत नाही. पुट आणि कट यांचे उच्चार कोणत्याही संधीने सुटत नाहीत.

पालकांसाठीही एक काम आहे. निजामाच्या काळात इथे शाळेत उर्दूला प्राधान्य असे, त्यामुळे जुन्या माणसांच्या बोलण्यात बे, ना, गैर, दार, गिरी यांचे शब्द भरपूर आहेत. मुलांनी आजी-आजोबांना विचारून ते वहीत लिहून आणावेत, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. एका आजोबांनी चाळीस शब्द पाठवलेही. पहिलाच ‘नालायक’ आहे, आणि तो नातवाला उद्देशून नाही असा खुलासा त्यांनी खाली सहीनिशी केला आहे.